प्लेटलेट्स देऊन गेलेल्या दादांना

दादा,

तुमचं नाव मला माहीत नाही. फॉर्मवर असणार, पण तो टेक्निशियनच्या हातात होता आणि माझं सगळं लक्ष तुमच्या दंडाकडे. शीर नीट सापडू दे, एवढंच मनात चाललं होतं. तुमच्या आधी आलेल्या दोघांना शिरा बारीक म्हणून परत पाठवलं होतं.

बाबांना रक्ताचा कॅन्सर. केमोनंतर प्लेटलेट्स उतरतात हे डॉक्टरांनी सांगितलेलं होतं. पण दीड लाखाच्या वर हवा तो आकडा दहा हजारांच्या खाली गेल्यावर आपलं माणूस कसं दिसतं, याची तयारी नसते हो. हिरड्यांतून रक्त, दंडावर काळेनिळे डाग, आणि वर आम्हालाच सांगणार, ‘काही नाही, ब्रश जोरात लागला.’ एसडीपी लागेल म्हणाले, म्हणजे एकाच माणसाच्या प्लेटलेट्स मशीनवर काढायच्या. आम्ही बार्शीचे, परळला ओळखीचं कोणी नाही. मुक्काम दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत. तिथल्याच एका मावशींनी कुठल्याशा ग्रुपवर मेसेज टाकला आणि तुम्ही आलात.

रक्तदान म्हणजे पंधरा मिनिटं आडवं व्हायचं आणि चहा-बिस्किटं घ्यायची, अशी माझी समजूत. इथे आधी सॅम्पल, मग रिपोर्ट येईपर्यंत बाकड्यावर बसून राहायचं, मग तास-दीड तास मशीनला जोडलेलं. रक्त नळीतून आत जातं, प्लेटलेट्स तेवढ्या पिशवीत राहतात आणि बाकीचं परत तुमच्याच अंगात. मध्येच तुम्ही ओठांवरून जीभ फिरवायला लागलात. मी घाबरले. तुम्ही म्हणालात, ‘मुंग्या येतात, कॅल्शियमची गोळी घेतली की जातात.’ म्हणजे हे तुम्हाला नवीन नव्हतं. ताकाच्या निवळीसारखी पिवळसर ती पिशवी भरेपर्यंत तुम्ही मोबाइलवर मॅच बघत होतात.

मी टॅक्सीचे पैसे पुढे केले, ते घेतले नाहीत. वर येऊन बाबांना भेटा म्हटलं, तर म्हणालात, ‘नको, त्यांना उगाच ओझं वाटेल.’ आणि जाता जाता एकच काम सांगितलंत: ‘ग्रुपवर “मिळाले” असं टाका, नाहीतर लोक रात्रभर फोन करत राहतील.’ माझ्या डोक्यातही आलं नसतं. ‘अर्जंट’ म्हणून फिरणारे असे कितीतरी मेसेज पेशंट घरी गेल्यावरही फिरत असतात, हे मला नंतर कळलं.

त्याच संध्याकाळी पिशवी चढली. रात्रीत हिरड्यांचं रक्त थांबलं आणि सकाळी बाबांनी दूध-पोळी मागितली. नर्स सांगत होत्या, प्लेटलेट्स फ्रिजमध्ये साठवता येत नाहीत. खोलीच्या तापमानाला सतत हलवत ठेवल्या तरी पाचच दिवस टिकतात. म्हणजे कोणीतरी रोज उठून यावंच लागतं. तुम्ही आमच्या दिवशी आलात.

आता गंमत सांगते. बाबा सध्या बरे आहेत, तपासणीपुरते मुंबईला येतो. गावात भेटेल त्याला सांगतात, ‘माझ्या अंगात मुंबईच्या पोराचं रक्त आहे.’ प्लेटलेट्स आणि रक्त यातला फरक त्यांना मान्य नाही. सुई बघून चक्कर येणारा माझा धाकटा भाऊ गेल्या शिबिरात रांगेत उभा होता. डबा मिळतो म्हणून आलास का, असं मित्रांनी चिडवलं, तर यानं डबा घेतलाच नाही. आई मात्र त्यावरून अजून कुरकुरते, चांगला स्टीलचा होता म्हणे.

बार्शीला कधी आलात तर भगवंताचं दर्शन घ्या आणि जेवायला आमच्याकडेच या. ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी, दही. फक्त आधी कळवा, नाहीतर बाबा सगळी गल्ली गोळा करतील. तुम्हाला चार घास नीट खाऊ देणार नाहीत.

तुमची,
बार्शीची एक बहीण