जमिनीचा उतारा पहिल्या नोंदीपासून वाचा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दक्षिण आफ्रिकेच्या नव्या भूसंपादन कायद्याबद्दल आपल्या वाचकांच्या सदरात नुकतीच दोन पत्रे आली. दोन्हींचा सूर एकच, की गोऱ्या शेतकऱ्यांनी घाम गाळून वाढवलेल्या जमिनी सरकार आता फुकटात हिसकावून घेणार. माझी उभी नोकरी वडोदरा जिल्ह्याच्या महसूल खात्यात, डभोई आणि पादरा तालुक्यांत झाली. जमिनीचा वाद समोर आला की सात-बारावर आज कुणाचे नाव आहे एवढ्यावर आम्ही कधी थांबलो नाही. ते नाव कोणत्या नोंदीने चढले आणि त्या नोंदीला आधार काय, हे पाहण्यासाठी तलाटीला जुनी हक्कपत्रके काढायला लावायचो. दोन्ही पत्रलेखकांनी फक्त शेवटची नोंद वाचली आहे, म्हणून हे पत्र.

त्याआधी गोऱ्यांशी झालेल्या युद्धांत गेलेल्या जमिनींचा हिशेब वेगळा. कायद्याच्या कागदावरची मोठी नोंद १९ जून १९१३ ची आहे. त्या दिवशी लागू झालेल्या कायद्याने देशाची जेमतेम ७ टक्के जमीन काळ्या लोकांसाठी राखून ठेवली आणि त्याबाहेर त्यांना जमीन विकत घ्यायला किंवा खंडाने करायला बंदी केली. लोकसंख्येत ते दोन-तृतीयांश होते. १९३६ साली ही मर्यादा सुमारे १३ टक्क्यांवर नेली, तीही कागदावर.

ऑरेंज फ्री स्टेट या तिथल्या प्रांतात अनेक काळी कुटुंबे गोऱ्यांची शेते अर्धेलीने करत. बैल त्यांचे, नांगर त्यांचा, पीक निम्मे निम्मे. कायदा आल्यावर मालक म्हणू लागले, बैलांसकट गडी म्हणून राहा, नाहीतर चालते व्हा. सोल प्लाटजे नावाचा पत्रकार त्या हिवाळ्यात सायकलवरून हिंडला, तेव्हा गुरेढोरे घेऊन रस्त्याला लागलेली अशी कुटुंबे त्याला भेटली. एका कुटुंबाचे आजारी मूल वाटेतच गेले. ज्याच्या त्याच्या हद्दीत त्यांना उभे राहायला मनाई, मग पुरायचे कुठे? आईबापांनी रात्री चोरून, दुसऱ्याच्या जमिनीत ते पुरले. ‘घाम गाळून वाढवलेल्या जमिनी’ हे शब्द वाचले तेव्हा मला हे मूल आठवले आणि राग आला. घाम या माणसांनीही गाळला होता आणि बैलही त्यांचेच होते.

तिथे गेलेल्या आपल्या लोकांनाही ही झळ लागलीच. जोहान्सबर्ग ज्यात येते त्या ट्रान्सवालमध्ये १८८५ च्या कायद्यापासून हिंदी माणसाला नेमून दिलेल्या वस्तीबाहेर जमीन घेता येत नव्हती. १९४६ साली नाताळ प्रांतातही तशीच बंदी आली, डरबानला सत्याग्रह झाला आणि स्वातंत्र्य मिळण्याआधीच भारताने त्या देशाशी व्यापार तोडला. १९५० च्या कायद्याने तर कोणत्या वंशाने शहराच्या कुठल्या भागात राहायचे हेच सरकार ठरवू लागले. आमच्या शेजारच्या मासींच्या वडिलांचे जोहान्सबर्गच्या पेजव्ह्यू भागात, चौदाव्या गल्लीत कापडाचे दुकान होते. सत्तरच्या दशकात तिथल्या हिंदी लोकांना उठवून तीसेक किलोमीटरवरच्या लेनेशियाला पाठवले. मासींच्या कपाटात ती नोटीस अजून आहे, इंग्रजी आणि आफ्रिकान्स अशा दोन भाषांतली. कारण एका ओळीत दिले आहे : हा भाग गोऱ्यांसाठी घोषित. मासी हेही सांगतात, की दुकानात ओझी वाहणाऱ्या काळ्या गड्याला शहरात राहायलाच परवाना लागे, त्याला नोटीस कोण देणार!

आता सुधारणांकडे येते. गोऱ्यांची राजवट संपल्यावर आलेल्या १९९४ च्या कायद्याने १९ जून १९१३ नंतर वंशभेदी कायद्यांमुळे जमीन गमावलेल्यांना दावा करता आला. १९९८ अखेर सुमारे ८० हजार दावे आले. शहरांतल्या बहुतेकांच्या हाती जमिनीऐवजी रोख रक्कम पडली. शेतीबाबत उद्दिष्ट होते, गोऱ्यांकडच्या शेतजमिनीपैकी ३० टक्के पाच वर्षांत हस्तांतरित करण्याचे. मुदत पुढे २०१४ वर ढकलली, तरी ते गाठता आले नाही. कारण मालकाची इच्छा असेल तरच आणि बाजारभावानेच खरेदी, असा नियम. सरकारने त्यासाठी अंदाजपत्रकाचा एक टक्काही कधी बाजूला ठेवला नाही. २०१७ च्या सरकारी पाहणीत व्यक्तींच्या नावे असलेल्या शेतजमिनीपैकी ७२ टक्के गोऱ्यांकडेच निघाली, आणि लोकसंख्येत ते दहा टक्केही नाहीत.

आपल्याकडे कूळकायद्याने हे मालकाच्या मर्जीवर सोडले नव्हते. १ एप्रिल १९५७ ला कसणारा कूळ मालक मानला गेला आणि किंमत आकाराच्या, म्हणजे शेतसाऱ्याच्या, २० ते २०० पट या मर्यादेत कृषिपंचाने ठरवली, हप्त्यांनी फेडायची. मी नोकरीला लागले तेव्हाही ३२-ग ची, म्हणजे ही किंमत ठरवण्याच्या कलमाची, प्रकरणे चालूच होती. ‘खुशीने जमीन सोडतो’ या मजकुराखाली कुळांचे अंगठे असलेले किती कागद मी पाहिले! ती खुशी कसली असे, ते गावात सगळ्यांना ठाऊक होते. शेतमजुराचे नाव तर नोंदीतच नव्हते, त्याला काहीच मिळाले नाही. तरीही जमीन द्यायची की नाही हा प्रश्न कुणी जमीनमालकाला विचारला नाही, ही मोठी गोष्ट.

झिंबाब्वेत २००० नंतर गोऱ्यांच्या शेतांवर झालेल्या मारहाणीचे आणि बळजबरीच्या कब्जांचे मी समर्थन करत नाही. पण जमिनी वंशानुसार वाटणाऱ्या १९३० च्या कायद्यापासूनचे काळ्या लोकांचे गाऱ्हाणे स्वातंत्र्यासाठी झालेल्या १९७९ च्या करारात मालकाच्या मर्जीवर दहा वर्षे बांधून ठेवले, हेही त्याच फायलीत वाचले पाहिजे.

जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष रामाफोसा यांनी सही केलेल्या कायद्यात शून्य मोबदल्याची तरतूद आहे, हे खरे. पण ती सरसकट नाही. जमीन न वापरता केवळ भाव वाढण्याची वाट पाहत ठेवली असेल, किंवा मालकाने सोडून दिली असेल, अशा प्रसंगी, आणि तेही न्याय्य व सार्वजनिक हिताचे ठरले तर. मालकाला न्यायालयात जाता येते. दोन्ही पत्रांत यातले काहीच नव्हते.

माझी तक्रार वेगळी आहे. २००६ पासून तिथले सरकार जमीन विकत घेऊन स्वतःच्याच नावावर ठेवते आणि काळ्या शेतकऱ्याला भाडेपट्ट्याने देते. नाव त्याचे लागत नाही, पट्ट्यावर बँक कर्ज द्यायला कचरते, आणि नूतनीकरणासाठी त्याला कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. कचेरीच्या टेबलामागे मी आयुष्य काढले आहे. तिथे हेलपाटे घालणारा माणूस पेरणीच्या दिवसांत शेतावर नसतो. या बाजूवर आपल्या प्रतिनिधीने सविस्तर लिहावे, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त नायब मामलतदार,
रावपुरा, वडोदरा