पार्सलातल्या पुस्तकाबद्दल

सुवॉन, दक्षिण कोरिया
डिसेंबर

ती. आईस,
साष्टांग नमस्कार.

पार्सल काल टाकलं. बाबांचे लोकरीचे मोजे आहेत, आणि सोनूसाठी एक चित्रांचं पुस्तक. अक्षरं सगळी कोरियन, त्यामुळे तुझं अडेल. म्हणून गोष्ट इथे लिहून देते. आधी वाचून ठेव, मग त्याला मांडीवर घे.

डोंगरात एक म्हातारी एकटीच राहत असते. शेत खुरपताना वाघ येतो आणि खातो म्हणतो. ती म्हणते, "थांब रे बाबा, हे लाल दाणे पिकू देत. हिवाळ्यात त्यांचं पातजुक शिजवीन, ते खाऊन झालं की मग मला खा." वाघ कबूल! हसलीस ना? तुझी भोपळ्यातली म्हातारी लेकीकडे तूपरोटी खाऊन जाडजूड व्हायला निघाली होती, ही पेज खायला थांबली. इकडचे काय नि तिकडचे काय, वाघ भोळेच.

छकुलीने मात्र लगेच विचारलं, "हिची लेक कुठे आहे?" लेक नाहीच गं. भोपळा देणारं कोणी नाही, म्हणून ठरलेल्या दिवशी ही मोठ्ठं पातेलं भरून पातजुक करते आणि रडत बसते. मग एकेक जण येतो. चेस्टनट, म्हणजे टणक सालीचं फळ, येतो देगुल-देगुल घरंगळत. मग कासव, टोचायची आरी, जातं, धान्य वाळवायची पेंढ्याची चटई, पाठीवर लाकडं वाहायची जिगे नावाची चौकट. आणि हो, शीसुद्धा येते! चालत! प्रत्येक जण म्हणतो, "आजी, एक वाडगा दे, तुला वाचवतो." आणि ती देते, शीलासुद्धा. तू नाक मुरडशील, पण ते पान गाळू नकोस. पोरं त्याच पानावर सर्वांत जास्त खिदळतात.

पुढचं भराभर सांग. वाघ कुडकुडत येतो, आजी म्हणते चुलीशी शेक. चुलीतला चेस्टनट फटकन उडून डोळ्यात. डोळा धुवायला पाण्याच्या रांजणात पंजा घातला तर कासव चावतं. पळताना शीवरून घसरतो, खाली आरी उभीच. वरून जातं कोसळतं, चटई त्याला गुंडाळते, जिगे उचलून नेते आणि नदीत फेकते. काही पुस्तकांत हा क्रम वेगळा असतो, तू हवा तसा कर. मला आपली भोपळ्यातली म्हातारी जास्त चलाख वाटते. पण ही सगळ्यांना जेवू घालते म्हणून वाचते, त्यात मला तू दिसलीस. दारात आलेल्याला चहा पाजल्याशिवाय तू कधी सोडलंयस?

ते पातजुक इथे खरंच करतात, डोंगजीला, म्हणजे वर्षातल्या सगळ्यांत मोठ्या रात्रीच्या दिवशी, २१-२२ डिसेंबरला. चवळीहून बारीक लाल दाणे शिजवून घोटायचे, त्यात तांदळाच्या पिठाच्या गोळ्या सोडायच्या. जितकं वय तितक्या गोळ्या खायच्या म्हणतात. बाबांचं कसं व्हायचं! लाल रंगाने इडापिडा पळते म्हणून पूर्वी हे पातजुक दारावर, भिंतीवर शिंपडायचे. गोष्टीत वाघ नेमका याच दिवशी येतो, हे मला इथे राहायला लागल्यावर उमगलं.

सोनू वाघाबद्दल विचारेलच. सांग, दक्षिण कोरियाच्या रानात आता वाघ उरलेला नाही, पण गोष्टींत आणि चित्रांत तो सगळीकडे आहे. १९८८ च्या सोल ऑलिंपिकचा शुभंकर होदोरी वाघच होता. आमच्या सुवॉनमध्ये पाल्दाल्सा नावाचं बौद्ध मंदिर आहे. त्याच्या भिंतीवर वाघ लांब चिलीम ओढतोय आणि ससे ती धरून उभे आहेत. फार जुनी गोष्ट सांगायची तर इथे "वाघ तंबाखू ओढायचे तेव्हा" अशीच सुरुवात करतात. बाबांना हे आवडेल. तंबाखू सोडण्यावरून तू त्यांच्यामागे लागलीस की आता वाघाचा दाखला देतील.

बाकी जातं माळ्यावर असेल तर खाली काढून सोनूला दाखव. पुस्तकातलं जातं अगदी तसंच आहे, खुंट्यासकट. जिगेला मात्र आपल्याकडे काही जोड नाही, ती चित्रातच बघू दे.

पार्सल पोचलं की फोन कर. छकुलीला सोनूकडून ऐकायचंय, आधी कोण आलं ते.

तुझी,
सुमी