धंदा रक्तात की वहीत?

मा. संपादक, स.न.

रविवारच्या पुरवणीतला मराठी मनोवृत्ती आणि उद्योगावरचा लेख वाचला. लेखक प्राध्यापक आहेत, म्हणजे एक तारखेला पगार. आम्ही जोखमीला घाबरतो, हे निदान त्यांनी करावं हे छानच. गिरगावात तीसेक वर्षं छापखाना चालवतोय. भीती मलाही वाटते, पण मुख्यतः नातेवाइकांची.

1996 साली एक जुनं ऑफसेट मशीन विकायला निघालं होतं. मला 90 हजार कमी पडत होते. मामांकडे गेलो. मामींनी पोहे केले, मामांनी दीड तास 'आहे ती नोकरी सोडू नकोस' हे समजावलं. पुढच्याच आठवड्यात ते मला बँकेत घेऊन गेले, मुदत ठेव पुन्हा ठेवायला. चष्मा घरी विसरले होते म्हणून फॉर्म मी भरला. आकडा लिहिताना काय वाटलं ते राहू द्या. मशीन शेवटी बायकोच्या पाटल्यांवर आलं.

कागद मात्र एका कच्छी व्यापाऱ्याने दिला. ओळख जेमतेम तीन महिन्यांची. 20 रीम मॅपलिथो हातगाडीवर चढवला, 'साठ दिवस' म्हणाले, वहीत एक ओळ लिहिली. माझी सहीसुद्धा घेतली नाही. हे धाडस म्हणावं, तर त्यात धाडस फारसं नव्हतंच. पैसे बुडवले असते तर माझं नाव संध्याकाळपर्यंत सगळ्या कागदबाजारात झालं असतं, आणि पुढे रोखीनेही कुणी रीम दिला नसता. आमच्यात बुडवणाऱ्याचं नाव घ्यायला आपल्यालाच लाज वाटते. 'जाऊ दे, वाईटपणा कशाला.' भाचीच्या लग्नाच्या 300 पत्रिका छापल्या, 'घरचंच आहे, कागदाचे तेवढे लाव' या बोलीवर. त्या तेवढ्यांची अजून वाट बघतोय. भाचीची मुलगी यंदा दहावीला आहे.

लिज्जतचं उदाहरण देऊन लेखकाने 'धंदा गुजराती रक्तातच' असं ठरवून टाकलं आहे. 1959 साली त्या सात जणींनी पापड लाटायला घेतले ते आमच्या गिरगावातच, आणि 80 रुपये उसने घेऊन. रक्ताचं मला कळत नाही, पण कुणीतरी 80 रुपये दिले होते एवढं खरं. आणि 1931 साली मुंबईतच शाईचा धंदा मांडणारे दांडेकर कोणत्या रक्ताचे होते, तेही प्राध्यापकांनी सांगावं. त्याच दांडेकरांनी काढलेल्या कॅम्लिनच्या पेनानेच त्यांनी पेपर तपासले असतील.

सरकारने 2006 च्या कायद्यात लहान उद्योगांचं बिल जास्तीत जास्त 45 दिवसांत द्या म्हणून सांगितलंय, आता उशीर केला तर घेणाऱ्याला प्राप्तिकरातही फटका बसतो. गेल्या वर्षी एका मोठ्या गिऱ्हाइकाला मी हे सभ्य भाषेत कळवलं. बिल आलं. पुढची कामं गेली. तिथले खरेदी अधिकारी मराठीच, 'तुम्ही फार धंदेवाईक झालात' असं फोनवर म्हणाले.

आपला,
एक छापखानेवाला, गिरगाव

ता.क. त्याच लेखात 'भांडवल' हा शब्द दोनदा 'भांडावल' असा छापला आहे. आमच्याकडे असं झालं की गिऱ्हाईक पत्रिका परत आणून टाकतं, आणि आम्ही पदरच्या कागदावर पुन्हा छापतो. तुमच्याकडे मुद्रितशोधक ठेवतात की तेही आता घरचंच?