कॅनू शिकवणाऱ्यांनाही आधी शिकवा

संपादक महोदय,

गोव्यात नदीवर होडी वल्हवायला शिकवणारे वाढले आहेत, पण ते शिकवायला पात्र आहेत की नाहीत हे तपासणारी सोय त्या मानाने वाढलेली नाही. साखळी आणि सत्तरीच्या शाळांत मी बरीच वर्षे शारीरिक शिक्षण शिकवले. निवृत्तीनंतरही नदीकाठी जाण्याची सवय सुटलेली नाही, आणि या पत्रात जे मांडतो आहे ते तेथेच पाहिलेले आहे.

गेल्या वर्षी ऑक्टोबरच्या सुरुवातीला, परतीच्या पावसाने म्हादईला पुन्हा थोडा जोर आलेला असताना, पुण्याहून आलेल्या माझ्या भाच्याने एका ठिकाणी पैसे भरून एकट्याने कॅनू, म्हणजे एकाच पात्याच्या वल्ह्याने चालवायची निमुळती होडी, चालवण्याचा धडा घेतला. प्रशिक्षक बावीस-तेवीस वर्षांचा, नदीकाठीच वाढलेला मुलगा होता आणि त्याचा स्वतःचा हात पाहत राहावे इतका सफाईदार होता. त्याने काठावर तीन मिनिटांत वल्हे कसे मारायचे आणि कसे वळवायचे ते करून दाखवले, ‘घाबरू नका’ असे सांगितले आणि स्वतः पुढे निघाला. पहिल्याच वळणावर भाच्याची होडी आडवी होऊन खडकाला टेकली. अशा वेळी अंगात उपजत असलेली भीती माणसाला खडकापासून दूर झुकवते आणि तोही तसाच झुकला; म्हणजे प्रवाह ज्या बाजूने येत होता नेमक्या त्या बाजूला. होडीचा तो काठ पाण्याखाली गेला, आत पाणी भरले आणि होडी खडकाला चिकटून बसली. खरे तर तेव्हा खडकाकडेच झुकायचे असते, अगदी त्याला मिठी मारावी तसे. पण हे आधी कोणी सांगितल्याशिवाय आणि संथ पाण्यात दहा वेळा करून घेतल्याशिवाय कोणालाही सुचत नाही.

त्यानंतर तो कमरेएवढ्या वाहत्या पाण्यात उभा राहिला. ही दुसरी चूक, आणि पहिलीपेक्षा जास्त धोक्याची. तळच्या दगडांत पाऊल अडकले की पाण्याचा रेटा माणसाला पुढे पाडतो आणि पाऊल सुटत नाही. म्हणून पडल्यावर उताणे होऊन, पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे ठेवून तरंगत काठ गाठायचा असतो. प्रशिक्षक तेव्हा तीस-चाळीस मीटर खाली होता आणि त्याच्याजवळ फेकायची दोरी नव्हती. भाच्याची नडगी खरचटली, चष्मा म्हादईला गेला, एवढ्यावर निभावले. मी त्या मुलाला नंतर विचारले की वल्हे मारून झाल्यावर तू मनगट कसे फिरवतोस, ते याला का सांगितले नाहीस. तो अगदी सरळपणे म्हणाला, ‘काका, ते आपोआप जमतं.’

मला त्या मुलाला दोष द्यायचा नाही. त्याला ते खरोखरच आपोआप जमते आणि म्हणूनच ते दुसऱ्याला कसे द्यावे हे त्याला उमगत नाही. वल्हे मारता येणे आणि वल्हे मारायला शिकवता येणे या दोन वेगळ्या विद्या आहेत, आणि दुसरी विद्या त्याला आजवर कोणी शिकवलेलीच नाही.

एकट्याच्या कॅनूत हा फरक जितका उघडा पडतो तितका इतर होड्यांत पडत नाही. कयाकच्या वल्ह्याला दोन्ही टोकांना पाते असते, त्यामुळे एका बाजूची ओढ दुसरी बाजू भरून काढते. राफ्टमध्ये मागे बसलेला जाणता माणूस सगळ्यांच्या चुका सावरतो, आणि दोघांच्या कॅनूत मागचा दिशा सांभाळतो. एकट्याच्या कॅनूत मात्र एकाच पात्याचे वल्हे एकाच बाजूला पडते, आणि उजवीकडे मारले की होडीची नाळ, म्हणजे पुढचे टोक, डावीकडे वळते. ती सरळ ठेवण्यासाठी प्रत्येक फटक्याच्या शेवटी अंगठा खाली करून पाते हलकेच बाहेर दाबावे लागते. हा दाब कमी पडला तर होडी गोल फिरते, जास्त झाला तर वेग मरतो, आणि शिकणाऱ्याला नेमके काय चुकते आहे ते स्वतःला दिसत नाही. ते काठावरून किंवा शेजारच्या होडीतून पाहून, ‘तुमचा वरचा हात पाण्यावर येत नाही म्हणून वल्हे तिरपे पडते’ असे एका वाक्यात सांगणारा माणूस म्हणजे प्रशिक्षक. बाकीच्यांना फार तर सोबती म्हणावे.

इतर देशांनी ही गोष्ट फार पूर्वी ओळखली. 1880 साली स्थापन झालेल्या अमेरिकन कॅनू असोसिएशनमध्ये प्रशिक्षक होऊ इच्छिणाऱ्याला आधी प्रशिक्षण कार्यशाळा आणि मग परीक्षा असे दोन टप्पे पार करावे लागतात. उमेदवार स्वतः किती चांगला वल्हवतो एवढ्यावर तेथे भागत नाही. त्याला प्रत्यक्ष पाण्यात धडा घेऊन दाखवावा लागतो, उलटलेल्या होडीतल्या माणसाला सोडवून दाखवावे लागते. प्रमाणपत्रही पाण्याच्या पायऱ्यांनुसार मिळते: संथ पाण्याचे वेगळे, वाहत्या नदीचे वेगळे, खळाळत्या पाण्याचे वेगळे. एकदा मिळालेला कागद जन्मभर चालतही नाही. ठरावीक मुदतीत प्रत्यक्ष वर्ग घेतलेले असावे लागतात आणि उजळणी करावी लागते. आपल्याकडे वाहन चालवण्याच्या परवान्याचेही नूतनीकरण होते. मग वाहत्या पाण्यात दुसऱ्याचा जीव हाती घेणाऱ्याचे का होऊ नये?

यासाठी गोव्याला शून्यापासून सुरुवात करावी लागणार नाही. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या अखत्यारीतील राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आपल्याच राज्यात आहे आणि यांत्रिक बोटी चालवण्याचे व जीवरक्षणाचे अभ्यासक्रम तेथे चालत आले आहेत. किनाऱ्यांवर 2008 पासून प्रशिक्षित जीवरक्षक आहेत. म्हादईच्या उस्ते ते सोनाळ या पट्ट्यात पावसाळ्यात राफ्टिंग चालते. परंतु समुद्र आणि नदी यांचे स्वभाव वेगळे. समुद्रात लाट येते आणि जाते; नदीत लाट एकाच जागी उभी राहते आणि पाणी तिच्यातून पुढे जात राहते. किनाऱ्यावरचा उत्तम जीवरक्षक म्हादईच्या खळाळात नवशिक्याच ठरू शकतो. म्हणून पर्यटन खाते, बंदर कप्तान खाते आणि ही संस्था यांनी मिळून नदीवरील कॅनू व कयाक प्रशिक्षकांसाठी वेगळा अभ्यासक्रम आखावा, त्याची परीक्षा नदीवरच घ्यावी, आणि ज्याने शिकवले त्यानेच परीक्षा घेऊ नये, अशी माझी सूचना आहे.

परदेशी अभ्यासक्रम जसाच्या तसा उचलून मात्र चालणार नाही, कारण आपल्या नद्यांचे धोके आपले आहेत. बंधाऱ्यावरून पडणारे पाणी काठावरून अगदी निरुपद्रवी दिसते, पण पायथ्याशी ते उलटे फिरत असते आणि त्यात सापडलेल्या माणसाला किंवा होडीला बाहेर पडू देत नाही. गोव्यात किती नद्यांवर असे बंधारे आहेत हे वाचकांना सांगायला नको. अंजुणे धरणाचे दरवाजे उघडले की वाळवंटी नदीचे पाणी चढते. म्हादईत भरतीचा परिणाम पार गांजेपर्यंत जाणवतो, आणि कुंभारजुव्याच्या कालव्यात तर मांडवी (म्हादईचेच खालच्या भागातले नाव) आणि जुवारी या दोन्ही नद्यांच्या बाजूंनी भरती शिरते. शिवाय तेथे मगरी आहेत. पुरात वाहून आलेले आणि काठाशी आडवे पडलेले झाड हा आणखी एक सापळा: पाणी फांद्यांतून गाळून निघून जाते, माणूस अडकतो. ज्या प्रशिक्षकाला ओहोटीची वेळ सांगता येत नाही किंवा बंधाऱ्याच्या किती अलीकडे होडी काठाला लावायची हे ठरवता येत नाही, त्याच्या वल्हवण्याला शंभर गुण मिळाले तरी त्याला नापास करावे. एका प्रशिक्षकामागे वाहत्या पाण्यात पाचांहून अधिक शिकाऊ नसावेत, हीही अट लेखी हवी.

एका बाबतीत मात्र खात्यांनी अट सैल करावी, आणि माझा आग्रह तेथेच सर्वांत जास्त आहे. ही परीक्षा इंग्रजीत आणि कागदावर घेतली, तर शहरातली चार मुले प्रमाणपत्र घेऊन जातील आणि ज्यांच्या घरात दोन-तीन पिढ्या होडी आहे ते बाहेर राहतील. पूल होण्याआधी आमच्या भागातला तारवाला भर पावसात नदी ओलांडताना होडीचे तोंड प्रवाहाच्या वर, थोडे तिरपे धरत असे आणि पाण्याच्याच जोरावर पलीकडे सरकत असे. कॅनूच्या वर्गात हाच डाव पहिल्या काही धड्यांत शिकवतात. विठ्ठलापूरला त्रिपुरारी पौर्णिमेच्या रात्री वाळवंटीत नौका सोडल्या जातात, कुंभारजुव्याला गणपती सांगोडावरून, म्हणजे एकत्र जोडलेल्या होड्यांवरून, निघतात. पाण्याशी ज्यांचे असे नाते आहे त्यांना नवे असे फार थोडे शिकायचे आहे. परीक्षा मराठीत आणि कोकणीत, तोंडी व प्रत्यक्ष असावी, आणि शुल्क एखाद्या होडीवाल्याला परवडेल इतकेच असावे.

पावसाळ्यात नद्यांत व धबधब्यांत उतरण्यास मनाई करणारे आदेश निघतात, ते योग्यच आहेत. पण आदेश पाण्यापासून दूर ठेवतो, पाण्यात कसे राहावे हे शिकवत नाही, आणि पाऊस गेला की आदेशही जातो. पहिली तुकडी ऑक्टोबर-नोव्हेंबरात, पाण्याला ओढ असते पण पूर नसतो अशा दिवसांत, म्हादईवर घेता येईल. मला स्वतःला तीत नाव घालण्याचा मोह आहे, परंतु एकट्याच्या कॅनूत गुडघे टेकून बसावे लागते आणि माझे गुडघे आता त्याला तयार नाहीत. त्यामुळे काठावर फेकायची दोरी घेऊन उभे राहणारा कोणी हवा असल्यास माझी तयारी आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शारीरिक शिक्षक, साखळी