किमान प्रवाहाच्या आकड्याशेजारी पाण्याचे तापमानही हवे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

धरणाखालच्या नदीसाठी किती पाणी सोडायचे, ही चर्चा नेहमी एकाच आकड्यापाशी येऊन थांबते : सेकंदाला इतके घनमीटर. ट्राउट माशांच्या नद्यांपुरता तरी हा एकटा आकडा अपुरा आहे, आणि त्यावर विसंबून घेतलेले निर्णय माशांच्या जिवावर बेततात.

ट्राउट थंड पाण्यातला. पोटभर खायला मिळाले तर ब्राउन ट्राउट १३-१४ अंश सेल्सिअसला सर्वांत झपाट्याने वाढतो. १९-२० अंशांच्या पुढे त्याचे खाणे सुटू लागते आणि २५ अंशांच्या आसपासचे पाणी आठवडाभर टिकले तर तो जगत नाही. पण यातले ‘पोटभर’ विसरून चालणार नाही. खाणे कमी पडले की वाढीला सर्वांत अनुकूल असलेले तापमानही खाली येते, कारण गरम पाण्यात नुसते जिवंत राहायलाच जास्त ऊर्जा लागते. ट्राउटचे बरेचसे खाणे, म्हणजे पाण्यातले किडे, प्रवाहाबरोबर वाहत येते. उन्हाळ्यात पाणी उतरले की ते लवकर तापते आणि त्याच वेळी खाणेही आटते. शिवाय १० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, २० अंशांना जेमतेम ९. प्रवाह आणि तापमान यांचा हिशेब वेगवेगळ्या कागदांवर मांडला, तर हा एकत्र बसणारा फटका कुठल्याच कागदावर दिसत नाही.

१९७० च्या दशकात अमेरिकेत रुजलेली पद्धत अशी : प्रत्येक प्रवाहाला योग्य खोली आणि वेग असलेली जागा किती मिळते ते मोजून त्याचा आलेख काढायचा. त्या काळात ते मोठेच पाऊल होते. पण जागा म्हणजे मासे नव्हेत, आणि त्या आलेखावर १२ अंशांचा डोह आणि २२ अंशांचा डोह सारखाच दिसतो.

स्टीव्ह रेल्सबॅक आणि ब्रेट हार्वी या संशोधकांच्या ‘इनस्ट्रीम’ या संगणकीय मॉडेलची वाट मला म्हणूनच अधिक खरी वाटते. त्यात नदीचा पट्टा लहान लहान तुकड्यांत विभागलेला असतो आणि प्रत्येक मासा स्वतंत्र असतो. कुठे थांबले तर खाणे मिळेल आणि कुठे पक्ष्याच्या तावडीत सापडू, हे तोलून तो जागा निवडतो. मोठा मासा चांगली जागा अडवतो, लहान्याला उरलेल्यावर भागवावे लागते. खडीतल्या अंड्यांचाही हिशेब असतो : पाणी उतरले तर ती उघडी पडतात, पूर आला तर खडीसकट वाहून जातात. किती मासे उरले, हे अशा असंख्य लहान घटनांमधून ठरते. पुरात पिल्ले गेली तरी उरलेल्यांना खाणे आणि जागा जास्त मिळते, म्हणून नुकसान सरळ गुणोत्तरात होत नाही. हे सरासरीच्या सूत्रातून कधीच हाती लागले नसते.

एकटा आकडा पुरत नाही, हे प्रत्यक्ष नद्याही दाखवतात. अमेरिकेतल्या कोलोरॅडो नदीवरच्या ग्लेन कॅनियन धरणाखाली वीजमागणीनुसार पाण्याची पातळी दिवसभरात चढ-उतार करते. किडे पाण्याच्या काठाला अंडी चिकटवतात. पाणी उतरले की ती वाळून जातात. म्हणून २०१८ मध्ये मे ते ऑगस्टदरम्यान शनिवार-रविवारी विसर्ग कमी आणि स्थिर ठेवण्याचा प्रयोग झाला, म्हणजे त्या दिवसांत खालच्या पातळीवर घातलेली अंडी पुढेही पाण्याखालीच राहतील. पुढे २०२२ मध्ये जलाशय इतका खाली गेला की वीजगृहाकडे वरच्या, कोमट थरातले पाणी जाऊ लागले. धरणाखालची नदी तापली आणि ट्राउटला मानवणारे गार पाणी उरले नाही. कुठल्या थरातले पाणी सोडले जाते, हे घनमीटरच्या आकड्यात कुठेच येत नाही.

नदीत नेमके किती मासे उरतील, हे मॉडेलला विचारू नये. ‘विसर्ग असा ठेवला तर काय आणि तसा ठेवला तर काय’ एवढा फरक त्याला विचारावा. तो सांगण्याइतके ते विश्वासार्ह असते, अर्थात गृहीतके उघड ठेवली आणि नदीतल्या मोजणीशी ताडून पाहिले तर. आणि त्यासाठी तासागणिक तापमानाची नोंद लागते. दिवसाच्या सरासरीत दुपारचे चार वाईट तास बुडून जातात. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात पाणी सलग तीन दिवस सुमारे २३ अंशांवर गेले की दुपारी दोननंतर मासेमारी बंद करण्याचा नियम आहे, तो याच तासांसाठी.

विसर्गाचे आदेश काढणाऱ्यांना माझी मागणी आहे : आकडा वर्षाचा नको, महिनावार हवा, त्यासोबत तापमानाची कमाल मर्यादा हवी आणि विसर्ग तासाला किती वेगाने वाढवायचा-घटवायचा तेही त्यात हवे. ज्या मॉडेलवरून हे ठरवले, ते आदेशाबरोबरच सर्वांना पाहायला मिळावे.

आपला,
एक वाचक