राजांनी बिऱ्हाड हलवलंय, नवा पत्ता छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत इजिप्तवर जे पानभर आलंय ते वाचून लिहायला बसले. फोटो झकास आहेत, लेखिकेने लिहिलंयही मनापासून, पण त्यात म्हटलंय की कैरोत पोचलात की आधी तहरीर चौकातलं म्युझियम गाठा, तिथे तुतनखामेन राजाचा सोन्याचा मुखवटा आणि राजांच्या ममी बघा आणि दुपारी पिरॅमिड उरका. अहो, यातलं काहीच आता तिथे नाहीये! ममी ३ एप्रिल २०२१ लाच तिथून हलल्या. १८ राजे आणि ४ राण्या, सजवलेल्या गाड्यांतून रीतसर मिरवणूक काढून नेलं त्यांना, आणि त्या आता फुस्तात भागातल्या राष्ट्रीय संस्कृती संग्रहालयात आहेत. मुखवटा आणि तुतनखामेनच्या थडग्यातल्या पाच हजारांवर वस्तू गिझाला पिरॅमिडजवळच्या ग्रँड इजिप्शियन म्युझियममध्ये गेल्या, ते १ नोव्हेंबर २०२५ ला अधिकृतपणे उघडलं. म्हणजे एक म्युझियम होतं त्याची तीन झाली, तीन टोकांना, आणि मध्ये कैरोचं ट्रॅफिक.

हे मी पुस्तकी सांगत नाहीये, यंदा जानेवारीत आम्ही चौघं जाऊन आलो आणि नेमकी हीच चूक आमच्या टूरवाल्याने दिलेल्या कागदावर छापलेली होती. सकाळी नऊला तहरीरला हजर. सासूबाई पंचाहत्तरीच्या, पण उत्साह आमच्यापेक्षा जास्त, वरच्या मजल्यावर दोन फेऱ्या मारल्या आणि मग तिथल्या रखवालदाराला खुणेने स्वतःचा चेहरा दाखवून विचारलं, मुखवटा कुठाय? त्याने हसून हात लांब केला, गिझा, गिझा. झालं, दुपारी तिकडे गेलो तर तिथे वेळेचा स्लॉट आधी ऑनलाइन घ्यावा लागतो आणि त्या दिवसाचे संपलेले. तहरीरची सकाळ मात्र मी वाया गेली म्हणणार नाही, कारण गर्दी तिकडे वळल्यामुळे नार्मर राजाच्या कोरीव पाटीसमोर आम्ही एकटेच होतो. जेमतेम दोन फूट उंचीचा हिरवट दगड, पाच हजार वर्षांपूर्वीचा, राजा एका हाताने शत्रूचे केस धरून दुसऱ्या हातातली गदा उगारतोय, आणि त्याच्या मागे कोण तर त्याच्या चपला हातात धरून उभा असलेला नोकर! पण हे ठरवून बघायला जा, मुखवट्याच्या आशेने नको.

बिऱ्हाड हलवण्यात दुसऱ्या रामसेस राजाचा हात कुणी धरणार नाही. याला लक्सरजवळ राजांच्या दरीत, म्हणजे राजांची थडगी आहेत तिथे, पुरला, चोरांच्या भीतीने पुजाऱ्यांनीच पुढे उचलून डोंगरातल्या एका कपारीत इतर राजांबरोबर लपवला, १८८१ मध्ये तो साठा सापडला तेव्हा कैरोला आणला, १९७६ मध्ये बुरशीवर उपचार करायला विमानाने पॅरिसला नेऊन आणला, आणि आता फुस्तातला. त्याचा ११ मीटरचा, ८३ टनांचा पुतळा, तोही मेम्फिस या जुन्या राजधानीहून १९५५ मध्ये कैरोच्या स्टेशनसमोर, २००६ मध्ये गिझाला आणि आता नव्या म्युझियमच्या दारात. आणि त्याचं अबू सिंबेलचं देऊळ तर आख्खंच्या आख्खं कापून वर नेलं, त्यावर येतेच. सांगायचं इतकंच की इजिप्तचा प्लॅन करताना पाच वर्षांपूर्वीचा लेख चालत नाही, आणि तुमच्या पानाची तर लोक कात्रणं काढून पासपोर्टच्या पिशवीत ठेवतात, मीही ठेवलीयेत, म्हणून हा खटाटोप.

दुसरी तक्रार क्रमाबद्दल. सगळे पहिल्याच दिवशी गिझाला धावतात आणि मग कैरोजवळचेच, त्याहून जुने सक्कारा, दाहशूरचे पिरॅमिड "वेळ उरला तर". उलटं करा हो! आधी सक्कारा, तिथे जोसेर राजाचा पायऱ्यांचा पिरॅमिड, सहा टप्पे एकावर एक, त्याच्या इम्होतेप या स्थपतीने दगडात केलेला पहिला मोठा प्रयोग. मग दाहशूर, तिथे स्नेफ्रू राजाचा वाकडा पिरॅमिड, खालून ५४ अंशांत चढत जातो आणि मध्येच ४३ अंशांवर मोडतो, वर जाता जाता काहीतरी बिनसलं आणि उतार कमी केला हे लांबून कुणालाही कळतं. त्याच राजाने मग थोड्या अंतरावर लाल पिरॅमिड बांधला तो सुरुवातीपासूनच ४३ अंशांत, एकदा पोळल्यावर माणूस दुसरं काय करणार. आणि या स्नेफ्रूचा मुलगा खुफू, त्याचा गिझाचा तो मोठा. बापाने चुका करून ठेवल्या म्हणून मुलाचं जमलं, हे या क्रमाने गेलं तरच दिसतं, नाहीतर गिझानंतर बाकीचे सगळे लहान आणि मोडके वाटतात.

खुफूच्या त्या मोठ्या पिरॅमिडच्या आत जायचं वेगळं तिकीट आहे. गुडघे, कंबर, धाप यातलं काही असेल तर नका जाऊ. चढणीची वाट जेमतेम चार फूट उंच, पायाखाली आडव्या पट्ट्या मारलेल्या फळ्या, डोळ्यांसमोर पुढच्याच्या बुटांचे तळवे, हवा अशी की चष्म्यावर वाफ धरते. मग एकदम छत वर जातं आणि मोठ्या दालनात कंबर सरळ होते तेव्हा जे वाटतं ते खरंच भारी, पण शेवटी राजाच्या खोलीत काय, तर ग्रॅनाइटची एक रिकामी पेटी, झाकण नाही, कोपरा फुटलेला, भिंतींवर एक अक्षर नाही. सासूबाई बाहेर सावलीत बसल्या होत्या, त्यांना सांगितलं तर म्हणाल्या, "एवढं वाकून जायचं आणि घरात कुणी नाही?" त्यापेक्षा सक्काऱ्याला उनास राजाचा पिरॅमिड उघडा असेल तर तो बघा, बाहेरून नुसता दगडांचा ढीग दिसतो पण आत छतभर चांदण्या आणि भिंती वरपासून खालपर्यंत मजकुराने भरलेल्या, मेलेल्या राजाने वर कसं जायचं याचे मंत्र, पिरॅमिडमध्ये कोरलेले सगळ्यात जुने.

लक्सरला लेखाने एक दिवस दिलाय. एक! तिथल्या कर्नाकच्या देवळातल्या त्या १३४ खांबांतच अर्धा दिवस जातो. राजांच्या दरीत एका तिकिटात तीन थडगी बघता येतात आणि ती आपण निवडायची असतात, हे कुणी आधी सांगत नाही, म्हणून लोक फाटकाजवळची तीन बघून परत येतात. तुतनखामेनचं, सेती पहिल्याचं आणि सहाव्या रामसेसचं यांना जादा तिकीट. तुतनखामेन स्वतः, म्हणजे त्याची ममी, अजून तिथेच आहे, त्याने तेवढं बिऱ्हाड नाही हलवलं, पण थडगं म्हणजे लहानशा खोल्या. माझं मत विचाराल तर सहाव्या रामसेसचं घ्या, छतावर आकाशाची देवी नूत आडवी पसरलीये, संध्याकाळी सूर्य गिळते आणि सकाळी त्याला जन्म देते. मान दुखेपर्यंत बघत राहिले.

अबू सिंबेल "आस्वानहून सहज करता येतं" असं लिहिलंय. सहज? एका बाजूला जवळपास २८० किलोमीटर वाळवंट, पहाटे चारला निघायचं आणि बऱ्याच गाड्या तिथे दोन तासही थांबत नाहीत. आस्वानच्या धरणात बुडणार म्हणून १९६४ ते १९६८ मध्ये ते देऊळ करवतीने कापून ६५ मीटर वर आणि २०० मीटर मागे नेऊन पुन्हा जोडलं, ते सांधे शोधायलाच मला अर्धा तास लागला. जमल्यास तिथे मुक्काम करा, दुपारनंतर सगळं सामसूम होतं. फक्त २२ फेब्रुवारी आणि २२ ऑक्टोबर टाळा, त्या दिवशी सूर्याचं ऊन थेट गाभाऱ्यात जातं आणि माणसंही.

बाकी, तिकीट खिडकीवर बऱ्याच ठिकाणी रोख घेत नाहीत, कार्ड लागतं, उलट होडी आणि टॉयलेटला सुटेच लागतात. उन्हाळ्यात लक्सर आस्वान चाळिशीपार असतं आणि रमजानात स्थळांच्या वेळा आखूड होतात, तारखा ठरवताना हे बघा.

तेव्हा पुढच्या रविवारी निदान तीन म्युझियमची दुरुस्ती छापावी, छोट्या चौकटीत चालेल.

आपली,
एक जुनी वाचक

ता. क. अरबी आकडे जाण्याआधी शिकून घ्या. आपल्या शून्यासारखा दिसणारा गोल म्हणजे त्यांचा पाच, शून्य म्हणजे नुसता ठिपका आणि चार म्हणजे उलटा तीन. लक्सर ते आस्वान ट्रेनमध्ये आमची सीट ३० होती, मी पाटी वाचून एका आजोबांना झोपेतून उठवलं, त्यांनी बिचाऱ्यांनी सामान काढून जागा दिली पण, मग टीसी आला, ती ४५ निघाली.