जलपर्णी काढा, पण कुमुदिनी राखा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नदीत, तळ्यांत माजलेली जलपर्णी काढायलाच हवी, त्याबद्दल दुमत नाही. पण पोकलेन काठाला लागला की तिच्याबरोबर कुमुदिनीही चिखलासकट ट्रॉलीत जाते, याचे वाईट वाटते. साताऱ्याच्या कास पठारावर जी पाहायला लोक मुद्दाम जातात, तीच ही कुमुदिनी कोल्हापूर परिसरातल्या तळ्यांतही उगवते. ती इथलीच, बहुवर्षायू. जलपर्णी दक्षिण अमेरिकेतून आलेली.

ओळखायला अवघड नाही. जलपर्णी तरंगते, तिचा देठ फुगीर आणि आतून स्पंजासारखा. कुमुदिनीचे मूळकांड चिखलात रुतलेले असते आणि हृदयाच्या आकाराचे पान पाण्यावर सपाट पसरते. फूल पांढरे, मध्यभागी पिवळे, पाकळ्यांवर दाट लव. पान उलटून पाहा: देठावर, पात्याच्या अगदी खाली कळ्यांचा झुबका असतो. पक्की खूण हीच.

गाळ काढतात एप्रिल-मेमध्ये, तेव्हा फूल सहसा नसते आणि उघड्या काठावर नुसता चिखल दिसतो. म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबरातच बांबू रोवून जागा आखाव्यात. तेवढ्या पट्ट्यात यंत्र न घालता जलपर्णी हातानेच ओढावी.

जागा हलवणे भागच असेल तर मूळकांड चार-सहा इंच चिखलासह काढून पसरट घमेल्यात लावावे. शेतातली चिकण काळी माती घ्यावी, वर बारीक खडीचा थर द्यावा. शेणखत घालायचा मोह नको. ते पाण्यात कुजते, पाणी हिरवे होते आणि कोवळी पाने शेवाळाखाली गुदमरतात. सुरुवातीला मातीवर सहा इंच पाणी पुरे, पाने वर आली की हळूहळू दीड-दोन फुटांपर्यंत वाढवावे. रोप एकदम खोलात सोडले की पान पृष्ठभागापर्यंत पोहोचण्याआधीच कुजते. दिवसाला पाच-सहा तास ऊन हवेच. झुबक्यासह दोन-तीन इंच देठ ठेवून तोडलेले पान उथळ पाण्यात तरंगत ठेवले तरी त्या पेरातून मुळे फुटतात. मग ते चिखलात दाबावे.

त्याच तळ्यात गवत्या मासा सोडू नये, तो कोवळी पाने फस्त करतो. आणि गाळ काढण्याच्या ठेक्यातच आखलेला पट्टा वगळण्याची अट लेखी घालावी. ऐनवेळी ऑपरेटरला तोंडी सांगून पट्टा वाचत नाही.

आपला,
एक वाचक, कोल्हापूर